सर्दीची गोळी आणि थर्ड शिफ्ट



भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. गेल्या पावसाळ्यात पहाटे चारच्या सुमारास आमच्या एका ऑपरेटरचं बोट प्रेसखाली गेलं. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं : कामगाराचा निष्काळजीपणा. त्याच्या खिशात मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली पट्टी होती, एकच गोळी उरलेली, नाव निम्मं कापलेलं. त्या अक्षरांवरून मेडिकलवाल्यानेच ओळखलं, क्लोरफेनिरामाइन. सर्दीसाठी तीन दिवस, दिवसातून तीनदा.

गोळीमुळेच बोट गेलं असं मी म्हणणार नाही. पण गोळीबद्दल कुणी विचारलंच नाही, हे मला खुपतं.

हे औषध रक्तात थोडंच राहतं. बाकीचं अंगभर मुरतं आणि मेंदूतही शिरतं, म्हणून गुंगी येते. लिव्हर ते मोडतं, किडनी बाहेर टाकते, पण सावकाश. मोठ्या माणसाच्या अंगातून निम्मं औषध उतरायलाच साधारण 20 तास लागतात. दर 8 तासांनी नवी गोळी पडत राहिली, की हिशेबाने चौथ्या दिवशी अंगात एका गोळीच्या जवळजवळ चौपट औषध साठतं. सकाळची गोळी रात्रीपर्यंत उतरली असेल, असं समजून माणूस मशीनवर उभा राहतो. वर कडक चहा घेतो. चहाने डोळे उघडतात, औषध लवकर बाहेर पडत नाही.

फेक्सोफेनाडिन ही दुसरी गोळी मेंदूत जवळपास शिरतच नाही. म्हणजे ॲलर्जीच्या शिंका-नाकगळतीला तरी पर्याय आहे. डिसेंबर 2023 मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' अशी सूचना छापायला लावली. ते योग्यच झालं. प्रेससमोर उभ्या असलेल्या बापाचीही तेवढीच काळजी घ्या.

डॉक्टरांनी आणि मेडिकलवाल्यांनी गोळी देण्याआधी 'कुठली पाळी, कुठलं मशीन' एवढं विचारावं. पट्टी कापली तरी नावाचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात जावा. कारखान्यांनी पाळी सुरू होताना औषधाची चौकशी करावी आणि गुंगीची गोळी घेतलेल्याला त्या दिवशी दुसरं काम द्यावं, तेही पगार न कापता. पगार कापला जाणार असेल तर खरं कोण सांगेल?

आमचा ऑपरेटर आता पॅकिंगला बसतो. नोंदवहीत 'निष्काळजीपणा' अजून तसाच आहे. तो शब्द लिहिण्याआधी 'औषध चालू होतं का' हा एक रकाना भरणं सक्तीचं करावं, एवढीच मागणी आहे.

— एक सुपरवायझर, भोसरी