जीप निकामी, हिशेब कोणाचा?



कापसाचा दुसरा वेचा चालू होता. पांढरकवड्याच्या रस्त्यावर आमच्या जीपला रोही आडवा आला आणि त्याला चुकवताना जीप मोरीच्या कठड्यावर गेली. माणसे वाचली, काचही शाबूत राहिली. पण डावीकडचा पुढचा भाग आत गेला, रेडिएटर फुटला, बोनेट दुमडले. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला आणि निकाल आला : टोटल लॉस. वीस वर्षे ज्या गाडीने बियाणे, खत, बाजारहाट आणि अडल्यानडल्याला दवाखाना केला, ती एका कागदाने निकामी झाली.

गावात जो तो म्हणाला, मिळतील ते पैसे घ्या आणि भंगारात घाला. आम्ही घातली नाही. आज ती जीप पुन्हा रस्त्यावर आहे. ही फुशारकी नव्हे. टोटल लॉस हा हिशेबाचा शब्द आहे, आणि दुसऱ्याने मांडलेला हिशेब न तपासता सही करायची आपली जुनी खोड आहे. ती मोडावी म्हणून हे लिहितो आहोत.

हिशेब असा असतो. पॉलिसीत गाडीची किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. पॉलिसीच्या अटींप्रमाणे धरलेला दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. आमची आयडीव्ही १,८०,००० रुपये, म्हणजे मर्यादा १,३५,००० रुपये. मोठ्या गॅरेजने अंदाज दिला २,४०,००० रुपयांचा : नवे भाग १,९६,००० आणि मजुरी ४४,०००. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांची घसारा म्हणून निम्मी किंमत कापली जाते. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीचीही निम्मी. तेव्हा कंपनीने धरलेला खर्च ९८,००० अधिक ४४,०००, म्हणजे १,४२,००० रुपये. मर्यादा ओलांडली, गाडी निकामी!

यातली मेख बघा. खर्च धरला नव्या भागांचा आणि शहरी गॅरेजच्या मजुरीचा. किंमत धरली वीस वर्षांच्या झिजलेल्या गाडीची. अशा तराजूत जुनी गाडी हरणारच. आपल्याला हा तराजू नवा नाही. खत, औषध, डिझेल आजच्या भावाने घ्यायचे आणि कापूस दुसऱ्याने ठरवलेल्या भावाने द्यायचा, त्याच घरचा हा तराजू.

कंपनीला आम्ही लेखी कळवले की गाडी आम्हीच ठेवतो. भंगाराची बोली ५५,००० रुपयांची होती. ती आणि २,००० रुपयांची सक्तीची वजावट जाऊन हाती आले १,२३,००० रुपये.

आता दुरुस्तीचा खर्च. जुन्या बाजारातले आणि काही नवे भाग ५८,०००. वेल्डर आणि मिस्त्री १७,०००. घरची दोन माणसे २२ दिवस राबली. शेतीमालाचा उत्पादनखर्च काढताना घरच्यांची मजुरी शून्य धरू नका, असे आपण सरकारला सांगतो. मग स्वतःच्या हिशेबात ती शून्य कशी धरावी? ४४ रोज, ४०० रुपयांप्रमाणे १७,६००. एकूण ९२,६०० रुपये. तरीही ३०,४०० रुपये उरले आणि गाडी घरी राहिली. आमची मजुरी न धरता कोणी फायदा सांगेल, तर तो खोटा समजावा.

पण पैसा वाचला म्हणून जीव टांगणीला लावायचा नाही. हात घालण्याआधी आम्ही चासी मोजली. सपाट फरशीवर जीप उभी केली. चासीच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या सारख्याच बोल्टांपासून ओळंबा सोडला, खाली खडूने खुणा केल्या आणि घराचा पाया आखताना मोजतो तसे दोन्ही कर्ण मोजले. मग दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर मोजले. मधली चासी सरळ निघाली, फक्त पुढचे डावे टोक वाकले होते. ते चासीचे काम करणाऱ्याकडून सरळ करून घेतले. मधली चासी पिळलेली निघाली असती, तर आम्हीही गाडी सोडून दिली असती.

स्टीअरिंगचे वाकलेले दांडे तापवून, ठोकून सरळ करू नका. नवेच घाला. ब्रेकच्या दबलेल्या नळ्यांचेही तसेच. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडवा, डिझेलची टाकी उतरवा. चासी नंबर जिथे कोरलेला आहे तिथे कटर किंवा वेल्डिंग नाही. आणि हे सगळे चासीवर बॉडी बसवलेल्या जुन्या जीपचे झाले. आजच्या मोटारीत बॉडी आणि सांगाडा एकच असतो, वर एअरबॅग. तिथे अंगणातली दुरुस्ती करू नये.

आता कागद. टोटल लॉसचे पैसे मिळाले की जुनी पॉलिसी संपते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तेव्हा नवा विमा काढल्याशिवाय चाक रस्त्यावर नको. जुने भाग बिलावरच घ्या. आणि गाडी भंगारातच द्यायची ठरली, तर आरसी बुक भंगारवाल्याच्या हाती सोडून येऊ नका. गाडी कायमची निकामी झाली, तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विकली, तर नाव बदलून घ्यायचे. चोरीच्या गाडीवर तुमच्या गाडीचा नंबर चढला तर पोलीस तुमच्या दारात येतील. अपघाताची भरपाईही नोंदीतल्या मालकावर येते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तसाच निकाल दिला आहे.

मोठी चूक मात्र आमचीच होती, आणि ती अपघाताच्या आधीची. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवायची असते. आम्ही दर वर्षी हप्ता कमी बसतो म्हणून एजंट लिहील त्या आकड्यावर सही केली. किंमत ठरवायचा हक्क हातात असून वापरला नाही, तर दोष कोणाला द्यायचा?

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गाडीची आणि ट्रॅक्टरची पॉलिसी घेऊन या. आयडीव्हीचा आकडा आणि ७५ टक्क्यांची अट सगळे मिळून वाचू. टोटल लॉसचा कागद आलाच, तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि भंगाराच्या बोलीचा आकडा लेखी मागा. पटले नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

गाडी ठेवायची की सोडायची हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवण्याआधी मोजावे. ओळंब्यानेही आणि आकड्यानेही.