हसा, पण पट्टी हातात घेऊन!

शाळेत असताना मी फोर्टातल्या पदपथावरून एक जुने इंग्रजी पुस्तक विकत घेतले होते. पुस्तक विज्ञानकथांचे होते; पण मी ते घेतले विज्ञानासाठीही नाही आणि कथांसाठीही नाही. घेतले ते मुखपृष्ठासाठी!

काय होते त्या मुखपृष्ठावर? हत्तीएवढी एक लाल मुंगी. तिच्या पुढच्या पायांत सापडलेली एक तरुणी. आणि तिला सोडवायला धावलेला एक वीर. वीराच्या अंगावर नखशिखान्त अंतराळपोशाख, डोक्यावर काचेचे शिरस्त्राण, पाठीवर प्राणवायूची नळकांडी. तरुणी मात्र जुहूच्या किनाऱ्यावर पोहायला निघाल्यासारखी! म्हणजे त्या ग्रहावरची हवा पुरुषांना घातक आणि स्त्रियांना मानवणारी असावी. घरी वडिलांच्या नजरेस पडू नये म्हणून मी पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले आणि रात्रभर जागून वाचून काढले. शेवटच्या पानापर्यंत ती मुंगी काही आली नाही. तरुणीही नाही!

अशी फसगत झालेला मी एकटाच नव्हतो. या मुखपृष्ठांचा मोठा इतिहास आहे. एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. किंमत पंचवीस सेंट. त्याची मुखपृष्ठे फ्रँक पॉल नावाचे चित्रकार रंगवीत. हे मासिक चाललेले पाहून पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अशी अनेक मासिके निघाली. स्वस्त कागद, भडक रंग आणि दुकानात शेजारी डझनावारी इतर मासिके! गिऱ्हाइकाची नजर क्षणभर आपल्यावर ठरली पाहिजे, ही चित्रकाराची पहिली अडचण, शास्त्र त्यानंतरचे. त्यातून बटबटीत डोळ्यांचे परग्रहवासी, किरणांच्या पिस्तुली, आगीच्या शेपट्या सोडणारी याने आणि हवेवाचून हसतमुख राहणाऱ्या नायिका यांची पलटणच उभी राहिली. बटबटीत डोळ्यांच्या राक्षसांना तर तिकडच्या वाचकांनीच थट्टेने एक खास नाव देऊन टाकले होते.

ही मुखपृष्ठे पाहून काही वडीलधारी मंडळी म्हणत, “असली चित्रे मुलांच्या हाती देऊ नयेत. डोक्यात भलत्याच कल्पना शिरतात.” माझे मत याच्या अगदी उलट आहे. ही चित्रे मुलांच्या हाती जरूर द्यावीत. फक्त त्यांच्याबरोबर एक मोजपट्टी द्यावी.

आता आपण त्या मुंगीलाच पट्टी लावू. एक सेंटिमीटर लांबीची मुंगी तीन मीटर लांब केली, म्हणजे ती ३०० पट मोठी झाली. तिच्या पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ वाढले ३०० गुणिले ३००, म्हणजे ९०,००० पट. पण तिचे वजन घनफळाबरोबर वाढणार. ते वाढले २ कोटी ७० लाख पट! पायाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर आता पूर्वीच्या ३०० पट भार आला. त्या काडीसारख्या पायांवर मुंगी उभी राहणेच शक्य नाही, मग तरुणीला पकडणे दूरच राहिले. शिवाय मुंगीला फुप्फुसे नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून आणि सूक्ष्म नलिकांतून हवा आत झिरपते. एवढ्या मोठ्या देहात ती आतपर्यंत पुरेशी पोचणारच नाही. म्हणजे वीराने नुसती वाट पाहिली असती तरी काम झाले असते.

हा विचार नवा नाही. हाडांच्या जाडीबद्दल तो गॅलिलिओने १६३८ साली मांडला. जे. बी. एस. हाल्डेन यांनी प्राण्यांच्या योग्य आकारमानावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तो १९२६ साली, म्हणजे नेमका ‘अमेझिंग स्टोरीज’ निघाले त्याच वर्षी! हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि अखेरपर्यंत इथेच राहिले. राक्षसी कीटकांचे मासिक आणि त्यांना भुईसपाट करणारा निबंध एकाच वर्षी जन्माला यावेत, हा मोठा गमतीचा योगायोग म्हणायचा.

आता त्या नायिकेकडे वळू. निर्वात पोकळीत माणसाचा फुगा होऊन फुटतो, असे काही चित्रपट दाखवतात. तेही चूक आणि नायिकेचे हसतमुख राहणेही चूक. १९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रातील निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखातली हवा अचानक निघून गेली. सुमारे चौदा सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. जिभेवरची लाळ उकळू लागल्याचे त्याला जाणवले होते. हवेचा दाब नाहीसा झाला की शरीराच्या तापमानालाही पाणी उकळते! कक्षात झटपट हवा भरली आणि तो वाचला. तेव्हा मुखपृष्ठावरच्या वीराला संवाद म्हणायला फार तर दहा-पंधरा सेकंद आहेत.

तिसरे लाडके चित्र लघुग्रहांच्या पट्ट्याचे. दादरच्या पुलावर संध्याकाळी माणसे असतात तशी दाटीने दगडांची गर्दी आणि त्यांतून वाट काढणारे यान. प्रत्यक्षात तिथे दोन मोठ्या दगडांमध्ये सरासरी लाखो किलोमीटर मोकळी जागा असते. ‘पायोनियर १०’ हे यान जुलै १९७२ मध्ये या पट्ट्यात शिरले आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये सुखरूप बाहेर पडले. ते चुकवाचुकवी करीत गेले नाही. चुकवण्यासारखे वाटेत काही आलेच नाही.

आलेना मजा? पण थांबा. इथे मला तुमचीच थोडी थट्टा करायची आहे.

‘अमेझिंग स्टोरीज’च्या त्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर काय आहे, सांगू? आकाशात भला मोठा कडीवाला शनी आणि समोर बर्फावर केसाळ टोप्या घालून मजेत घसरणारी माणसे. “शनीवर बर्फावरची घसरगुंडी!” असे म्हणून हसू आले ना? मग हसलात ते चुकीचे. ती माणसे शनीवर नाहीतच. ज्यूल व्हर्न यांच्या १८७७ सालच्या ज्या कादंबरीचे ते चित्र आहे, तिच्यात एक धूमकेतू पृथ्वीचा तुकडा माणसांसकट उचलून नेतो. ती माणसे त्या धूमकेतूवर आहेत. गोष्टीत शास्त्रीय घोटाळे भरपूर आहेत, पण आपण ज्याला हसलो तो त्यांत नाही. ज्याला हसायचे ते आधी नीट पाहावे, वाचावे आणि मगच हसावे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चेस्ली बोनस्टेल हे अमेरिकन चित्रकार त्या भडक मंडळींतले नव्हते. त्यांची चित्रे विज्ञानकथांच्या नामांकित मासिकांच्या मुखपृष्ठांवर येत. त्यांत ना राक्षस, ना नायिका. कोन, अंतर, उजेड, सावली सारे हिशेबाने काढलेले. थेट छायाचित्रच वाटावे. त्यांना कोणी हसले नाही, हसण्याचे कारणही नव्हते. त्यांच्या चित्रांतल्या चंद्रावर सुळ्यांसारखे टोकदार डोंगर असत. कारण पटण्यासारखे होते: चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, मग कडे झिजणार कसे? दुर्बिणीतूनही डोंगरांच्या लांब, टोकदार सावल्या दिसत. पुढे माणूस चंद्रावर गेला. १९७१ साली ‘अपोलो १५’चे अंतराळवीर हॅडली भागातल्या डोंगरांपाशी उतरले. छायाचित्रे आली, तर डोंगर कसे? आपल्या घाटमाथ्यावरच्या जुन्या टेकड्यांसारखे गोलसर! वारा-पाऊस नसला तरी अब्जावधी वर्षे पडणाऱ्या लहानमोठ्या उल्कांनी ते कुटून, घासून काढले होते.

बोनस्टेल यांचे सर्वांत गाजलेले चित्र १९४४ सालचे. शनीच्या टायटन या उपग्रहावरून दिसणारा शनी, निळ्या आकाशात लखलखणारा. त्याच वर्षी जेरार्ड क्यूपर यांनी टायटनभोवती मिथेनयुक्त वातावरण असल्याचे दाखवून दिले. पुढे १४ जानेवारी २००५ रोजी ‘ह्युजेन्स’ यान तिथे उतरले. वर पाहावे तर सगळीकडे नारिंगी धुके! तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला त्या धुक्यातून शनी दिसलाच नसता.

यात बोनस्टेल यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. त्या वेळी जे ठाऊक होते, त्यावर त्यांनी प्रामाणिकपणे काम केले. मुद्दा आपला आहे. हत्तीएवढी मुंगी पाहून कोणी फसत नाही; सातवीतले पोरही “हॅ!” म्हणते. माणूस फसतो तो खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्राने. आज संगणक क्षणात हुबेहूब छायाचित्रासारखे चित्र तयार करून देतो. अशा काळात ही गोष्ट विसरणे परवडणारे नाही.

पण संगणकापर्यंत कशाला जायचे? वर्गातल्या भिंतीकडे पाहा.

मी शाळेत असताना आमच्या वर्गात एक तक्ता होता. त्यावर पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लंबगोल काढलेली होती. ती पाहून मी मनाशी पक्के ठरवले होते की, पृथ्वी सूर्याजवळ जाते तेव्हा उन्हाळा आणि लांब जाते तेव्हा हिवाळा. उत्तरपत्रिकेतही तसेच लिहिले. गुरुजींनी गुण कापले नाहीत, नुसते विचारले, “मग ऑस्ट्रेलियात जानेवारीत उन्हाळा कसा रे?” मी गप्प! खरे तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना. आणि ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे.

आता ती कक्षा प्रमाणात काढून पाहा. वीस सेंटिमीटर रुंदीची काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांत सुमारे ०.०३ मिलिमीटर फरक येईल. तुमच्या पेन्सिलीची रेघ याहून जाड असते! म्हणजे कर्कटकाने काढलेले साधे वर्तुळच बरोबर. फक्त सूर्य केंद्रापासून दीड-पावणेदोन मिलिमीटर बाजूला ठेवायचा. मुंगीच्या चित्राला मी हसलो होतो. त्या अंडाकृती कक्षेला मात्र कधी हसलो नाही, कारण ती तक्त्यावर होती, शाळेत होती. वर्षानुवर्षे मी चुकलो तो तिच्यामुळे.

सूर्यमालेच्या तक्त्याचेही तसेच. पृथ्वी एक सेंटिमीटर काढली तर सूर्य मीटरभराहून थोडा मोठा काढावा लागेल आणि पृथ्वीपासून सुमारे ११७ मीटरांवर ठेवावा लागेल. नेपच्यूनसाठी तर साडेतीन किलोमीटर चालावे लागेल. असा तक्ता कोणत्या भिंतीवर मावणार? म्हणून चित्रकार सारे ग्रह एका ओळीत दाटीवाटीने बसवतो. तो त्याचा दोष नाही. दोष आहे तो ही गोष्ट न सांगण्याचा. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण छापलेले असते. मग ‘आकार व अंतरे प्रमाणात नाहीत’ एवढी एक ओळ प्रत्येक तक्त्याखाली का असू नये? शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, छापलेली नसेल तर ती आपण पेनाने लिहावी. त्याहून चांगले म्हणजे ती विद्यार्थ्यांकडून हिशेब करवून घेऊन लिहवावी.

शेवटी एक खेळ सुचवतो. डिसेंबर १९२६ च्या अंकावर गर्न्सबॅक यांनी आधी चित्र छापले आणि वाचकांना सांगितले, “या चित्राला शोभेल अशी गोष्ट लिहा.” चित्रात एक प्रचंड जहाज चक्क हवेत लटकत होते! बक्षिसांची रक्कम पाचशे डॉलर. तिसरे बक्षीस क्लेअर विंगर हॅरिस या बाईंना मिळाले आणि पुढे त्या विज्ञानकथेच्या मासिकांतल्या आरंभीच्या लेखिकांपैकी एक म्हणून ओळखल्या गेल्या.

तुम्हीही असे करा. एखादे चमत्कारिक मुखपृष्ठ किंवा चित्रपटाची जाहिरात वर्गात आणा. आधी पोटभर हसा. मग चित्रातल्या चुका काढा. पण प्रत्येक चुकीपुढे आकडा किंवा कारण लिहिलेच पाहिजे, ‘असे कुठे असते का!’ हे उत्तर चालणार नाही. आणि शेवटी तीच पट्टी घेऊन भिंतीवरच्या तक्त्याकडे या.

माझे ते जुने पुस्तक अजून माझ्याजवळ आहे. वर्तमानपत्राचे कव्हर मात्र मी केव्हाच काढून टाकले आहे.