राक्षसमुखाचा प्रवास

शके ९८२ (इ. स. १०६०) मधील अंबरनाथच्या शिवालयावर कीर्तिमुखे कोरलेली आहेत. स्कंदपुराणानुसार, जालंधराचा दूत राहू याला गिळण्यासाठी शिवाच्या भ्रूमध्यातून एक भुकेले सत्त्व जन्मले. राहूला अभय मिळताच शिवाज्ञेने त्याने स्वतःचेच शरीर खाल्ले. उरलेल्या मुखाला द्वारी स्थान मिळाले. महाराष्ट्रात अनेक देवळांच्या उंबरठ्यांवरही ते दिसते. जावातील बोरोबुदूरच्या कमानींवर तत्सदृश मुख आहे. तेथे त्याची संज्ञा ‘काल’. नाव निराळे, द्वाराशी असलेले नाते मात्र तेच.

म्हणूनच ‘मूळ कथा कोणाची?’ हा तौलनिक संशोधनातील रूढ प्रश्न अपुरा ठरतो. राक्षसकथा केवळ ग्रंथांतून नव्हे, तर शिल्पींच्या छिन्नीतून आणि भाविकांच्या आचारातूनही पसरतात. मूर्त रूप पुढे जाते आणि त्यामागची कथा प्रत्येक समाज आपल्या परीने सांगतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील अभ्यासकांनी पोथीइतकाच उंबरठाही वाचावा. त्यावरील मुखाविषयी पुजारी व वृद्ध स्त्रिया काय सांगतात, ते आधी नोंदवावे. जीर्णोद्धारात तो दगड गेला, की कथा विचारण्याचे निमित्तही जाते.