दादाची उघडी गाडी

"बडोद्याच्या दादाने गाडी घेतली," ही बातमी आमच्या फोंड्याच्या घरी पोचली तेव्हा आईला मनापासून आनंद झाला. माझा हा मावसभाऊ रिफायनरीतून नुकताच निवृत्त झालेला. आता वहिनींना घेऊन चार ठिकाणी फिरेल, जमले तर गोव्यालाही येईल, असा तिचा हिशेब. "कुठली घेतली?" तिने फोनवर विचारले. पलीकडून उत्तर आले, "स्टँडर्ड हेराल्ड. दादाच्याच वयाची. आणि वर छत नाही!"

फोन ठेवल्यावर आई थोडा वेळ गप्प बसली. मग मला म्हणाली, "तू जाऊन त्याला चार शब्द सांग."

तर वाचकहो, मी बडोद्याला चार शब्द सांगायला गेलो होतो, हे आधीच कबूल करतो. मी सरकारी कारकून. दुसऱ्याच्या अर्जात काय चुकले हे शोधण्यात माझी वीस वर्षे गेली. दादाचा अर्ज तर मी न वाचताच नामंजूर केला होता.

बडोदे आपल्याला तसे परके नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जातो आणि सयाजीराव गायकवाड होऊन त्या संस्थानाचा कायापालट करतो, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. माझी मावशी लग्न होऊन तिथल्या दांडिया बाजारात गेली. आजही त्या भागात मराठी कानांवर पडते, फक्त तिला गुजरातीचा गोडवा चढलेला असतो. आमच्या मराठीत कोकणी आणि पोर्तुगीज मिसळलेली, त्यांच्यात गुजराती. कोणी कोणाला हसायचे?

दादाच्या गाडीची कथा याच भागातली. सत्तरच्या दशकात तिथल्या एका डॉक्टरांकडे दुधी रंगाची उघडी हेराल्ड होती. दादाचे वडील सायकलवरून कामावर जाणारे. शाळेतून येताना ती गाडी दवाखान्याबाहेर उभी दिसली की दादा तिथेच थांबायचा. एकदा डॉक्टरांनी दार उघडून विचारले, "बसतोस का?" आणि सुरसागर तलावाला एक फेरी मारून त्याला घरी सोडले. झाले! एवढीच ती फेरी. पन्नास वर्षे ती त्याच्या डोक्यातून गेली नाही.

ज्यांना तो काळ आठवतो त्यांना सांगायला नको, की तेव्हा आपल्या रस्त्यावर मुख्यतः तीनच जातींच्या मोटारी होत्या. अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेली ट्रायंफ हेराल्ड १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने तयार होऊ लागली. रेखाटन इटलीच्या जोव्हानी मिकेलॉट्टीचे, इंजिन ९४८ सीसीचे. पुढचे सगळे नाक, मडगार्डांसकट, मगरीच्या जबड्यासारखे उघडते, त्यामुळे मेकॅनिक चाकावर बसून इंजिनाचे काम करू शकतो. वळते तर अशी, की गल्लीत रिक्षाला लाजवील. दोष? तेही भरपूर. आपल्या खड्ड्यांपुढे ती नाजूकच होती आणि मागची चाके वेगात वळताना रुसत.

या गाडीची एक खुबी दादाने मला सांगितली. हिचा सांगाडा वेगळा आणि वरचे अंग तुकड्यातुकड्यांनी जोडलेले. ट्रायंफ कंपनीला सबंध अंग एकाच ठिकाणी बनवून देणारा कारखाना मिळेना, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी भाग करवून ते बोल्टने जोडायची युक्ती त्यांनी काढली. छतसुद्धा बोल्टनेच बसवलेले. त्यामुळे छताची गाडी उघडी करणे हे काम हेराल्डमध्ये तुलनेने सोपे. आपल्याकडे बऱ्याच हौशी लोकांनी ते केले. दादाने गेल्या दहा वर्षांत अशा चार गाड्या पाहिल्या आणि चारही नाकारल्या, कारण नोंदणीच्या कागदावर छत होते आणि गाडीवर नव्हते! पाचवी सौराष्ट्रातल्या एका गावात चिंचेच्या झाडाखाली सापडली. चाके मातीत रुतलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार, कापडी टपाच्या चिंध्या झालेल्या. पण कागद चोख. दादाने ते पुस्तक माझ्यासमोर ठेवले तेव्हा माझ्यातला कारकून विरघळायला सुरुवात झाली, हे खरे.

तरीही मी माझे चार शब्द बोललोच. साठीनंतर पैसा औषधपाण्यासाठी राखावा. ही गाडी ना पावसात चालायची, ना उन्हात. तिला धड सीटबेल्ट नाही. पेट्रोल पिणार, धूर सोडणार. सुटे भाग मिळवायला गावोगाव हिंडावे लागणार.

दादा शांतपणे म्हणाला, "सगळे खरे आहे. पण गाडी आणि दुरुस्ती मिळून नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैसे लागले. मी कर्ज काढून मोठी एसयूव्ही घेतली असती तर तू इतक्या लांब समजवायला आला असतास का?"

मला उत्तर सुचले नाही. मदतीच्या आशेने मी वहिनींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी गाडी घेतली त्याच महिन्यात मी सतारीचा क्लास लावला. लहानपणापासून शिकायचे होते. आता हिशेब बरोबरीचा आहे."

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पैसा खर्च झाल्याचे कोणाला दुःख नसते. लग्नात, बंगल्याच्या फरशीत, कर्जाच्या गाडीत तो गेला तर चालतो. तो 'हौसे'त गेला की आपण बेचैन होतो. हौस म्हणजे पोरकटपणा, आणि साठीतली हौस म्हणजे तर बुद्धिभ्रंशच! जी इच्छा माणसाने पन्नास वर्षे सांभाळली, कोणाच्या तोंडचा घास न काढता पुरी केली, तिला उधळपट्टी म्हणणे मला आता जड जाते.

पण माझा विरोध केवळ पैशांचा नव्हता. ते मला दुसऱ्या दिवशी कळले.

त्यासाठी थोडे मागे, आमच्या गावात यावे लागेल. मुक्तीपूर्वी गोव्यात परदेशी माल सहज येत असे आणि खाणींचा पैसा खेळू लागल्यावर मोटारीही आल्या. आमचे कुटुंब मुंडकाराचे. भाटकाराची एक उघडी मोटार होती. लोक कारेरीत चेंगरून बाजाराला जात आणि ही मोटार एकट्या धन्याला घेऊन धूळ उडवत पुढे निघून जाई. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. एकदा देवळाजवळ ती उभी असताना त्यांनी तिच्या चकचकीत दिव्याला बोट लावले. मुकादमाने त्यांचा कान असा पिळला, की रक्त आले. पुढे १९७५ चा मुंडकार कायदा आला, घराखालची जागा आमची झाली, बाबा नोकरीला लागले. पण उघडी गाडी दिसली, मग ती सिनेमातली का असेना, की त्यांचा हात नकळत कानाकडे जाई. तो राग त्यांनी मला वारशात दिला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाने टप मागे दुमडला आणि आम्ही निघालो. रावपुरा, सुरसागर, न्यायमंदिर, मांडवी. वेग ताशी वीस-पंचवीस. बंद काचांच्या गाडीतून मी हे शहर पूर्वी पाहिले होते. या वेळी ते ऐकले. तळणीचा वास, देवळातली घंटा, भांड्यांच्या दुकानातली ठाकठूक, सगळे गाडीत येऊन बसत होते. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला विचारी, "काका, आ कई गाडी छे?" एका वृद्ध गृहस्थांनी रस्ता ओलांडता ओलांडता हात जोडले. दादाला की गाडीला, कळले नाही.

मांडवीजवळ आम्ही चहाला थांबलो. टपरीवर कप विसळणारा एक पोरगा, नऊ-दहा वर्षांचा, हळूच जवळ आला आणि त्याने ओल्या हाताने पुढच्या दिव्यावरून बोट फिरवले.

"ए, हात लावू नकोस!"

हे कोण ओरडले? दादा नव्हे. मी! मुंडकाराचा नातू! गाडी माझी नव्हती, तिला लागलेला एक पैसा माझा नव्हता, जेमतेम अर्धा तास मी तिच्यात बसलो होतो. तेवढ्यात मुकादम माझ्या तोंडून बोलला.

पोरगा मागे सरकला. दादाने माझ्याकडे पाहिलेही नाही. त्याने दार उघडले आणि मुलाला विचारले, "बेसवुं छे?" मालकाची परवानगी काढून त्याने पोराला मांडवीची एक फेरी मारून आणली. मी टपरीवर उभा राहून थंड झालेला चहा प्यायलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग उघड्या गाडीवर ठेवणे सोपे असते, हे तेव्हा उमगले. मोटार बिचारी लोखंडाची. मिजास तिच्यात नसते, ती बसणाऱ्यात येते, आणि यायला अर्धा तास पुरतो.

उघडी गाडी खरे तर एकांतासाठी नसतेच. संस्थानिकांनी अशा गाड्या घेतल्या त्या मुख्यतः प्रजेला दिसण्यासाठी. हत्तीवरच्या अंबारीचे काम मोटारीने घेतले. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम, 'स्टार ऑफ इंडिया' या नावाने प्रसिद्ध झालेली, लंडनच्या थ्रप अँड मेबर्लीने अशीच टप उघडणारी बांधली होती. १९६८ साली ती विकली गेली, देशाबाहेर गेली आणि २०१० साली त्याच राजघराण्याने ती परत विकत घेतली. घरातून गेलेली वस्तू परत आणण्याची ही ओढ राजाची काय आणि दादाची काय, एकच. फरक फक्त शून्यांचा.

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यावर जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. दादा तेव्हा ते पाहून आला होता. हिरवळीवर देशभरातल्या दिमाखदार गाड्या, आणि माणसे दोन हात लांब. अशा मौल्यवान वस्तूंना ते अंतर लागते, मान्य. पण त्याच राजवाड्याच्या आवारात राजपुत्रासाठी धावलेल्या छोट्या आगगाडीने पुढे कमाटीबागेत शहरातल्या सामान्य मुलांनाही फिरवले, हेही बडोद्यानेच करून दाखवले आहे. दुसरी गोष्ट मला अधिक मोठी वाटते.

सरकारनेही जुन्या गाड्यांची दखल घेतली आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना 'व्हिंटेज' दर्जा दिला. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००, मुदत १० वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. भंगारात जाणाऱ्या कित्येक गाड्या यामुळे वाचतील, म्हणून नियम चांगलाच. पण या दर्जाची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर यायची. दादाने म्हणूनच साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आहे. रोज गाडी उडवायची त्याची इच्छा नाही. पण बाजारातून येताना कोणा पोराला फेरी मारायची, तर ती रॅली की प्रदर्शन, हे ठरवायला त्याला माझ्यासारखा कारकून नको आहे!

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळातल्या किती मोटारी गोठ्यात, माडाच्या झावळांखाली गंजून गेल्या! नुवेच्या अश्वेक संग्रहालयासारख्या ठिकाणी काही जपल्या आहेत, त्याबद्दल कौतुकच आहे. पण वारसा म्हटले की आपल्याला राजाची रोल्स-रॉइस किंवा भाटकाराची मोटारच आठवते. डॉक्टरांची हेराल्ड, शिक्षकाची फियाट, टॅक्सीवाल्याची जुनी मर्सिडीज, आणि जिच्यात आमचे आजोबा चेंगरून बसले ती कारेर, यांची आठवण कोणी ठेवायची? राजांच्या गाड्या राजे सांभाळतील. आपल्या गाड्या दादासारख्या निवृत्त माणसांनीच सांभाळायला हव्यात, आणि नातेवाइकांनी त्यांच्या मागे चार शब्द घेऊन धावू नये.

घरी परतल्यावर आईने विचारले, "सांगितलेस?" मी म्हटले, "नाही. त्यानेच मला सांगितले." मग तिला मांडवीची गोष्ट सांगितली, माझ्या ओरडण्यासकट. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझे बाबा असते तर त्यांना त्या गाडीत बसवायला हवे होते."

दादाला मी ते कळवले आहे. तो म्हणतो, पावसाळा संपला की ट्रकवर चढवून का होईना, गाडी फोंड्याला आणतो. देवळापर्यंत एक फेरी मारायची. आणि दिव्याला ज्याला हात लावायचा असेल त्याला लावू द्यायचा.