बांध ओलांडण्याआधी

१६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. गनिमी काव्याइतकीच अंबरची ओळख दख्खनच्या इतिहासात त्याच्या जमीन महसूल पद्धतीमुळे टिकून आहे. सरकारचा माणूस शेतात उतरतो, पीक पाहतो, जमीन मोजतो, हे या मुलखाला चारशे वर्षे ठाऊक आहे. राजवटी बदलल्या, मोजण्याची साधने बदलली. बांधावर उभ्या शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न मात्र तोच राहिला: हा मोजतो आहे ते काय नेण्यासाठी?

आज हा प्रश्न बहुधा महामार्गाच्या कडेला उभा राहतो. सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ याच शहराजवळून जातो. रुंदीकरण असो, पुलाचे काम असो किंवा घाटातली दुरुस्ती, रस्त्याची हद्द अपुरी पडली की शेजारच्या गटात पाऊल पडतेच. त्या पावलाला कायद्याचा आधार कोणता, आणि त्याहून महत्त्वाचे, त्याला मर्यादा कोणती?

आधी १८९४ चा भूसंपादन कायदा पाहावा. (त्या काळी औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते आणि तेथे १३०९ फसलीचा स्वतंत्र भूसंपादन कायदा होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा मराठवाड्याला लागू झाला तो हैदराबाद राज्य संपल्यानंतर.) त्याच्या कलम ४ नुसार अधिसूचना निघाली की अधिकाऱ्याला जमिनीत शिरता येई, पातळी घेता येई, खणता येई, खुणा रोवता येत. मात्र घरात किंवा घराला लागून असलेल्या बंदिस्त अंगणात, बागेत शिरायचे तर राहणाऱ्याची संमती हवी, नाहीतर ७ दिवसांची लेखी नोटीस. कलम ५ आणखी बारकाईने लिहिलेले होते: शिरल्यामुळे जे नुकसान होईल त्याचे पैसे शिरतानाच द्यायचे किंवा देऊ करायचे. रक्कम मान्य नसेल तर वाद जिल्हाधिकाऱ्याकडे. हा कायदा काही दयाळू नव्हता. त्याने किती गावे उठवली आणि मोबदला किती तुटपुंजा दिला, याच्या कहाण्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक धरणाखाली आहेत. तरी पाऊल टाकण्यापुरती काही रीत त्याने पाळली होती.

आता १९९७. राष्ट्रीय महामार्गांची कामे भूसंपादनात अडकतात म्हणून १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात नवी कलमे घातली गेली. कलम ३ अ नुसार महामार्गाच्या बांधकामासाठीच नव्हे, तर देखभाल, व्यवस्थापन आणि वापरासाठीही जमीन घेण्याचा इरादा जाहीर करता येतो. तो जाहीर होताच कलम ३ ब लागू होते. तपासणी, मोजणी, खोदकाम, चर, खुणा ही सारी यादी १८९४ च्या कायद्यातलीच. शब्दही जवळपास तेच. मग गळले काय? ७ दिवसांची नोटीस गळली आणि जागच्या जागी द्यायची नुकसानभरपाईही गळली. अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापायचा, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे, आणि २१ दिवसांत हरकती घ्यायच्या, एवढे उरले. वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची बारीक अक्षरांतली गट क्रमांकांची यादी म्हणजे दारावरची नोटीस नव्हे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. अशा वेळी नोटिशीची वाट पाहत बसायचे का? अर्थातच नाही. परंतु तातडीसाठी वेगळी तरतूद करता येते. १८९४ च्या कायद्यातही तातडीचे कलम १७ होतेच. दरड उपसणे आणि नव्या मार्गिकेसाठी उभ्या कपाशीत चर खणणे यांत फरक आहे. पहिल्याचे निमित्त सांगून दुसरे करणे हे प्रशासनाचे आळसावलेले तर्कशास्त्र झाले.

रस्त्यासाठी परक्या जमिनीत शिरण्याचा अधिकार तर याहून कितीतरी जुना आहे. इंग्लंडमध्ये १५६२ च्या कायद्याने रस्त्याच्या देखरेख्याला खासगी जमिनीतून दगड, वाळू विनापरवानगी उचलण्याची मुभा दिली. पण खणलेला खड्डा बुजवण्याचे बंधनही त्याच कायद्याने घातले.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने तर १८९४ च्याही पुढे पाऊल टाकले: मालक किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला माणूस हजर असल्याशिवाय मोजणी नाही, त्याच्या गैरहजेरीत करायची तर आधी किमान ६० दिवसांची नोटीस. परंतु कलम १०५ ने राष्ट्रीय महामार्ग कायदा यातून वगळला. २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी महामार्गांना लावल्या, मोजणीच्या अटी नाहीत. २०१९ मध्ये तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गात जमीन गेलेल्यांना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारणे घटनाबाह्य ठरवले. तोही निर्णय पैशापुरता.

(समृद्धी महामार्गाची उदाहरणे येथे चपखल बसत नाहीत. तो राज्याचा प्रकल्प आणि त्याचा कायदाही वेगळा.)

म्हणून मागणी छोटी आहे. २०१३ च्या कायद्यातल्या हजेरीच्या आणि नोटिशीच्या अटी, तातडीचा अपवाद ठेवून, कलम ३ ब मध्ये घालाव्यात आणि १८९४ चे कलम ५ परत आणावे. मोसंबीच्या बागेत खुणेचा दगड रोवला जाईल तेव्हा बागेचा मालक तेथे उभा असावा, आणि तुटलेल्या झाडाची नोंद त्याच्या डोळ्यांदेखत व्हावी.