दाढ दुखण्यापूर्वीं

‘दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत’ ही म्हण आपल्या घरांत इतक्या सहजतेनें उच्चारली जाते कीं, दांत जाणें हा वयाचा ठरलेलाच भोग आहे असें आपण गृहीत धरून चालतो. परंतु केस पिकणें आणि दाढ किडणें या दोन गोष्टी एका जातीच्या नव्हेत. पहिली वयानें होते. दुसरा रोग आहे, तो सहा वर्षांच्या बालकासही होतो, आणि वेळींच लक्ष दिल्यास त्यास थांबवितां येतें. आमच्या इंझोरीसारख्या गांवाहून दंतवैद्याकडे म्हणून कारंज्यास किंवा वाशिमास जावयाचें तर कामाचा दिवस मोडतो. अशा ठिकाणीं या भेदाचा विचार घरोघर होणें अधिकच अगत्याचें आहे. म्हणून या महिन्यांत आम्ही हाच विषय घेतला आहे.

आपल्याकडे दाढदुखीचा क्रम ठरून गेलेला आहे. ठणका लागला कीं लवंग धरावयाची, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करावयाच्या, आणि रात्र सरली कीं ‘आतां बरें वाटतें’ म्हणून विषय सोडून द्यावयाचा. असें दोनचार वेळां झालें म्हणजे एके दिवशीं गाल सुजतो, आणि मग ‘एकदांची काढूनच टाका’ असा हट्ट धरून मंडळी दवाखान्यांत जातात. यांत लवंगेचा दोष नाहीं. तिच्या तेलानें वेदना कांहीं वेळ बधिर होते, व दंतवैद्यही तें तेल औषधांत वापरीत आले आहेत. दोष आहे तो वेदनेलाच रोग समजण्यांत, आणि वेदना थांबली म्हणजे रोग गेला असें मानण्यांत.

दांताचें बाहेरचें कवच हें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य होय. त्यांत मज्जातंतू नसतात. म्हणून तें झिरपत, पोखरत असतां आपणांस कळत नाहीं. त्याच्या आंत त्याहून मऊ असा पिवळसर थर, आणि त्याच्याही आंत रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनीं भरलेला गाभा असतो. कीड दुसऱ्या थरांत उतरली म्हणजे थंड किंवा गोड लागतांच दाढ शिवशिवते. गाभ्याशीं पोंचली म्हणजे रात्रींची झोंप उडते. अर्थात् ज्या दिवशीं दाढ आपण होऊन ठणकूं लागली, त्या दिवशीं नुसती भरून भागण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. मग गाभा काढून मुळें स्वच्छ करण्याचा लांबलचक व खर्चाचा उपचार, नाहीं तर दाढ उपटणें, हे दोनच मार्ग उरतात. मोडलेलें हाड सांधतें तसें हें कवच सांधत नाहीं. अगदीं आरंभींचा पांढरा डाग लाळेंतील क्षारांनीं व फ्लोराइडानें भरून येऊं शकतो. खड्डा पडल्यावर मात्र तो माणसानेंच भरावा लागतो.

खड्डा भरण्याची ही कल्पना आपल्यास परकी नाहीं. सुश्रुतानें दंतरोगांत ‘कृमिदंत’ गणला आहे, आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत किडलेल्या दांताची पोकळी गुळानें अथवा मेणानें भरून तिला डाग देण्याचा विधि आला आहे. दांतांत अळी असते ही समजूत केवळ आपलीच नव्हती. ती प्राचीन बाबिलोनांत होती व युरोपांतही होती. फ्रान्समधील पिएर फोशार यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत, शोधूनही अशी अळी आपणांस आढळली नाहीं असें नमूद केलें. पुढें १८९० सालीं विलोबी मिलर या अमेरिकन विद्वानानें असें मांडलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतु अन्नांतील साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात, आणि तें आम्ल कवचांतील क्षार विरघळवितें. तेव्हां आपल्या पूर्वजांचा ‘कृमि’ शब्द अगदींच वाया गेला नाहीं. कृमि होते, मात्र ते नुसत्या डोळ्यांस दिसणारे नव्हते.

आमच्या पिढींतील पुष्कळांच्या दाढा ‘चांदीनें’ भरलेल्या आहेत. चांदी, कथील व तांबें यांची पूड पाऱ्यांत घोटून तें मिश्रण करीत, व त्यांत सुमारें निम्मा भाग पारा असे. तें भरण टिकाऊ खरें. परंतु तें दांतास चिकटत नाहीं, म्हणून तें अडकून राहावें यासाठीं निरोगी भागही कोरावा लागे. शिवाय पारा पाण्यांत व मातींत मिसळून सृष्टीस अपाय करतो. त्याचा वापर कमी करण्यासाठीं २०१३ सालीं जपानांत मिनामाता करार झाला, आणि २०१८ सालीं भारतानें त्यास मान्यता दिली. युरोपीय संघानें तर १ जानेवारी २०२५ पासून, विशेष वैद्यकीय कारण नसल्यास, पाऱ्याचें भरण बंद केलें आहे. ज्यांच्या तोंडांत असें जुनें भरण सुस्थितींत आहे त्यांनीं मात्र घाबरून जाऊन तें उकरून काढण्याचें कारण नाहीं.

हल्लीं दवाखान्यांत ‘लाइटचें फिलिंग’ म्हणून जें सांगतात, त्याचा उगम दोन शोधांत आहे. १९५५ सालीं अमेरिकेंत मायकेल ब्युनोकोर यानें असें दाखविलें कीं, कवचावर फॉस्फरिक आम्ल लावून तें धुवून टाकलें असतां पृष्ठभाग सूक्ष्म खांचांनीं खरखरीत होतो, व राळेसारखें द्रव्य त्यास घट्ट धरून राहतें. पुढें राफेल बोवेन यानें एक कृत्रिम राळ तयार करून तिच्यांत कांचेसारख्या द्रव्याची बारीक पूड मिसळली. तिचें पेटंट त्यास १९६२ सालीं मिळालें. ही मिश्र राळ दांताच्या रंगाची करतां येते. आरंभीं दोन लगदे कालवून ती घट्ट करीत, व कालवितांच ती घट्ट होऊं लागे, त्यामुळें वैद्याची धांदल उडे. नंतर अतिनील किरणांचे दिवे आले. परंतु ते किरण खोल जात नसत, व डोळ्यांस धोकाही होता. म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत दृश्य निळ्या प्रकाशाचे दिवे पुढें आले, आणि तोच प्रघात आज सर्वत्र रूढ आहे.

या राळेंत ‘कॅम्फरक्विनोन’ नांवाचें एक पिवळें द्रव्य किंचित् प्रमाणांत असतें, आणि तें कापरापासून तयार होतें. तें निळा प्रकाश शोषून घेतें व राळेच्या सुट्या कणांस परस्परांत गुंफण्याची क्रिया सुरू करून देतें. आरतींतील कापूर जळून उजेड देतो. त्याचा हा वंशज उजेड घेऊन काम करतो. दिव्यास नारिंगी पडदा लावलेला असतो तो एवढ्याचसाठीं कीं, नारिंगी रंग निळा प्रकाश अडवितो. त्या प्रकाशाकडे टक लावून पाहूं नये. हे क्ष-किरण नव्हेत. तसेंच या उजेडानें कीड जळून जाते ही समजूतही निराधार आहे. कीड वैद्यानेंच कोरून काढावयाची असते. दिवा फक्त लगदा घट्ट करतो.

म्हणूनच या कामांत दिव्याहून वैद्याच्या हाताचें व धीराचें महत्त्व अधिक. किडका भाग काढल्यावर आम्ल लावतात, धुतात, दांत कोरडा करून चिकटविणारें द्रव लावतात, आणि मग राळ सुमारें २ मिलिमीटरच्या थरांनीं भरून प्रत्येक थरावर बहुधा २० सेकंदांच्या आसपास प्रकाश धरतात. प्रकाश याहून फार खोल नीट पोंचत नाहीं, व राळ घट्ट होतांना किंचित् आकसते. एकदम सर्व खड्डा भरल्यास तळ कच्चा राहण्याचें व कडेला फट पडण्याचें भय असतें. मध्यें लाळ किंवा रक्त लागलें तर चिकटणेंच बिघडतें. तेव्हां वैद्य तोंडांत कापसाच्या गुंडाळ्या किंवा रबराचा पडदा लावतो, वेळ घेतो, थरावर थर देतो, म्हणून त्रासूं नये. ती दिरंगाई नव्हे, तेंच खरें काम होय.

सर्वच दाढांस हा एक उपाय लागू पडतो असेंही नाहीं. दांत कोरडा ठेवणें शक्य नसेल तेथें, विशेषतः लहान मुलांत, ग्लास आयनोमर नांवाचें सिमेंट वापरतात. तें दांतास स्वभावतः चिकटतें व फ्लोराइड सोडतें, मात्र झिजतें लवकर. कोणतें भरण योग्य हें दाढ पाहून वैद्यानें ठरवावें. दांताच्या रंगाचें तेंच उत्तम असा आग्रह आपण धरूं नये. खर्चाची अडचण असेल त्यांनीं शासकीय दंत महाविद्यालयांचा विचार करावा. वऱ्हाडकरांस नागपूरचें त्यांतल्या त्यांत जवळ आहे.

आतां घरांतील गोष्ट. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या दुधाच्या दाढांच्या मागें एक नवी दाढ येते. तिच्यासाठीं कोणताही दुधाचा दांत पडत नाहीं, म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात, आणि किडली तर ‘पडेल व दुसरी येईल’ म्हणून स्वस्थ बसतात. ती दुसरी येत नाहीं; तीच जन्माची दाढ. शाळेंत इतकीं वर्षें काढतांना दहा-अकरा वर्षांचीं मुलें गालाला हात लावून बसलेलीं आम्ही पाहिलीं आहेत, व त्यांपैकीं कित्येकांचें दुखणें याच दाढेचें असे. तिच्या खोल खांचा कीड लागण्यापूर्वींच पातळ राळेनें बुजवितां येतात. तेंही काम याच दिव्यानें होतें.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. दहा माणसांच्या घरांत पुरुषाची दाढ दुखली कीं गाडी काढली जाते. सूनबाईची दुखली कीं ती लवंग धरून पोळ्या लाटीत राहते. दुखण्याबद्दल बोललें तर कामाचा कंटाळा दिसेल या संकोचानें ती बोलत नाहीं. ‘एक मूल, एक दांत’ असें म्हणून तिची समजूत घालणाऱ्या वडील बायाही आहेत. परंतु गर्भ आईच्या दांतांतील चुना ओढून घेतो हें खरें नव्हे. त्या काळांत ओकारीचें आम्ल, वरचेवर खाणें व हिरड्यांची सूज यांनीं दांतांस अधिक जपावें लागतें इतकेंच. आणि गरोदरपणीं दांतांचा उपचार वर्ज्य नाहीं, वैद्यास अवस्था सांगितली म्हणजे झालें.

आमची सूचना साधी आहे. दिवाळीच्या सुटींत सर्व मंडळी एकत्र जमतात. तेव्हां एके सकाळीं उजेडांत प्रत्येकाचें तोंड पाहावें. सहा ते बारा वर्षांच्या मुलांपासून आरंभ करावा, आणि मग घरांतील बायकांचें पाहावें. काळा ठिपका, अन्न अडकणारी फट, थंड पाण्यानें शिवशिवणारी दाढ असेल त्यांचीं नांवें लिहून, तुळशीच्या लग्नापूर्वीं सर्वांना एकाच फेरींत वैद्याकडे न्यावें. ज्यांना कांहीं दिसलें नाहीं त्यांनींही वर्षांतून एकदां दाखवावें, कारण दोन दाढांमधील कीड घरच्या डोळ्यांस दिसत नाहीं. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपली जुनी चाल बिस्किटें व गोड चहा यांच्यानंतरही पाळावी, रात्रीं निजतांना दांत घासल्यावाचून कोणास निजूं देऊं नये, आणि खऱ्र्याची पुडी उंबऱ्याबाहेरच ठेवावी.