खर्रा सोडणाऱ्याला नसीहत पुरे झाली, आता साथ द्या

रमजानमध्ये नेरच्या कुठल्याही मस्जिदीबाहेर मगरिबनंतर थोडा वेळ उभे राहून पाहा. खजूर, पाणी, नमाज आणि मग थेट पानठेला. तेरा-चौदा तास ज्याने पाण्याचा घोटही घेतला नाही, तोच माणूस दहा मिनिटांत खर्ऱ्याची पन्नी उघडतो. वडीलधारे म्हणतात, "इमान कमजोर झालंय पोरांचं." मला हे पटत नाही. इमान कमजोर असते तर विदर्भाच्या उन्हात त्याने रोजा ठेवलाच नसता. त्याच्याकडे निर्धार आहे, तो रोज दिसतो. नाही ती पुढची मदत.

खर्रा, बिडी, सिगारेट यांचे व्यसन हा चारित्र्याचा प्रश्न आहे असे आपण धरून चाललो आहोत. म्हणून आपल्याकडे त्यावर एकच इलाज आहे, नसीहत. पण गेल्या पन्नास वर्षांचे संशोधन सांगते की व्यसन हा उपचार करण्याजोगा आजार आहे, आणि त्याच्यावर चालणारे उपचार आज हाताशी आहेत.

आधी शरीराचे गणित पाहू. निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. मेंदूला त्याची सवय लागलेली असते, म्हणून ते कमी झाले की चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणे सुरू होते. हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. आता रोजेदाराकडे पाहा. दिवसभर तो त्रास सोसतो आणि संध्याकाळी पहिल्या पुडीबरोबर सगळे पुन्हा शून्यावर येते. महिन्यात तीस वेळा तो घाट चढायला लागतो आणि तीसही वेळा अर्ध्यातून खाली उतरतो. सलग तीन आठवडे काढले असते, तर एवढ्याच मेहनतीत तो घाटापलीकडे गेला असता.

आपल्या भागात मुख्य प्रश्न सिगारेटचा नाही, हेही लक्षात घ्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. विदर्भात ही धूरविरहित तंबाखू म्हणजे खर्रा. बायकांमध्ये नस आणि गुडाखू, ज्यांच्याबद्दल घरात कुणी बोलतही नाही. खर्ऱ्यात तंबाखूइतकीच सुपारी घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवले. तोंड हळूहळू आवळत जाते, तिखट सोसत नाही, घास घेण्याइतका जबडा उघडत नाही, तो आजार सुपारीचाच. शिवाय सुपारीची स्वतःचीही तलफ असते. म्हणून "तंबाखू काढून टाकली, आता नुसती सुपारी खातो" ही सुटका नव्हे.

राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. खर्रा मात्र ठेल्यावर आपल्या डोळ्यांदेखत घोटला जातो. यात एक साधी गोष्ट निसटते. तंबाखूच्या पाकिटावर कर्करोगाचे चित्र असते आणि २०१८ पासून मोफत मदतीचा नंबरही छापलेला असतो: १८००-११-२३५६. पाकीट राहते ठेलेवाल्याकडे, गिऱ्हाइकाच्या हातात येते ती कोरी पन्नी. ज्याला नंबरची सर्वात जास्त गरज, त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही.

आता संशोधनाकडे येऊ. कुठल्याही मदतीशिवाय, केवळ निश्चयावर सोडणाऱ्या शंभर जणांपैकी वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात. हे आकडे मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांचे आहेत, पण निकोटिन तेच. १९७९ मध्ये मायकेल रसेल यांनी लंडनमधील दवाखान्यांत एक प्रयोग केला. डॉक्टरने रुग्णाला एक-दोन मिनिटे स्पष्ट सांगायचे की सिगारेट सोडा, माहितीचे पत्रक द्यायचे आणि पुढे विचारपूस होईल अशी कल्पना द्यायची. वर्षाअखेर यांच्यातले ५.१ टक्के सुटलेले होते. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांच्यातले ०.३ टक्के. नुसता सल्ला दिला त्यांच्यात ३.३ टक्के. पत्रक आणि पुढे कुणीतरी विचारणार आहे एवढी जाणीव, यांनी फरक पाडला.

औषधांचेही तसेच. निकोटिनचा गम किंवा त्वचेवर लावायची पट्टी वापरल्याने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्यांनी दुपटीच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्यासाठी पहिली उपचार मार्गदर्शिका काढली. त्यात औषध आणि समुपदेशन दोन्ही एकत्र द्या असे म्हटले आहे, आणि धूरविरहित तंबाखूसाठीही निकोटिनचे पर्याय किंवा व्हॅरेनिक्लिन सुचवले आहे. सुपारीवर मात्र असे मान्य औषध नाही. तिथे समुपदेशनच कामी येते.

"गम म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणे" असा आक्षेप येतोच. गममधले निकोटिन हळू पोचते, मोजून दिलेले असते आणि काही आठवड्यांत कमी करत बंद करायचे असते. कर्करोग घडवतात ती तंबाखूतली इतर रसायने आणि सुपारी. ती गममध्ये नाहीत. अर्थात ज्याचे तोंडच दोन बोटे उघडते, त्याला गम चघळणे जड जाईल. त्याच्यासाठी पट्टी की गोळी, हे डॉक्टरच ठरवतील.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी सिस्टीम पाचव्यांदा बंद पडली तर आम्ही तिला बेइमान म्हणत नाही. लॉग उघडतो आणि किती वाजता, कशामुळे, त्याआधी काय घडले हे पाहतो. खर्रा पुन्हा सुरू करणाऱ्याला आपण असे कधी विचारतो का? जेवणानंतर? रात्रपाळीत? मित्राच्या दुकानावर बसल्यावर? घरी भांडण झाल्यावर? पुन्हा सुरू होणे या आजारात नेहमीचेच आहे. बहुतेकांना अनेक प्रयत्न करावे लागतात. प्रत्येक अपयशातून पुढच्या खेपेसाठी माहिती मिळते, पण ती विचारणारे कुणीतरी लागते.

हे काम महाराष्ट्रात झालेले आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे औषधांबरोबर गप्पा, गट, घरच्यांशी बोलणे आणि बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा यांना तितकेच महत्त्व. व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी तिथे वेगळा 'सहचरी' गट आहे, कारण आजार एकाचा असला तरी भोगते घर. आपल्या जवळ, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारातून २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालते. गावसंघटना, कायद्याची अंमलबजावणी, जनजागृती आणि उपचार हे सगळे तिथे एकत्र आहे. खर्रा हा त्यांच्या कामाचा मोठा भाग. कुणालाही दोषी ठरवून केंद्रात आणता येत नाही, हे या दोन्ही कामांतून दिसते.

आपल्या समाजात तर दोषाचे ओझे दुप्पट आहे. तंबाखू हराम की मकरूह यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. तो वाद उलेमांनी जरूर करावा. पण वादाचा निकाल काहीही लागला तरी मेंदूतली तलफ तशीच राहते. दारूच्या बाबतीत हे आणखी कडवट होते. ती निर्विवाद हराम, म्हणून पिणारा लपवतो, घरचे लपवतात, नातं जमायला अडचण नको म्हणून आई लपवते. इतर आजारांत माणूस महिनाभरात डॉक्टरकडे जातो, इथे दहा वर्षे जातात. शरमेने व्यसन सुटत नाही, उपचार तेवढे लांबतात.

एक अवघड गोष्टही मान्य करायला हवी. पानठेला चालवणारेही आपलेच आहेत. नोकरी नाही, भांडवल नाही, तेव्हा ठेल्यावर घर चालते. त्यांना शिव्या देऊन काही होणार नाही. पण गिऱ्हाइकाच्या बाजूचाही हिशेब मांडा. दिवसाला पाच खर्रे, एकाचे वीस रुपये धरले तरी महिन्याला तीन हजार. तेवढ्यात मुलाची शिकवणी होते.

मग करायचे काय? मस्जिद कमिटी आणि मोहल्ल्यातल्या तरुणांना जमेल इतके सांगतो. शाबानच्या मध्यावर नाव नोंदवा, ज्याला खरोखर सोडायचे आहे त्याचेच. एका संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा गावातल्या डॉक्टरांना बोलवा. तोंडाची तपासणी करून घ्या आणि कुणाला कोणते औषध हे त्यांना ठरवू द्या. जास्त गुंतागुंत असेल तर यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग आहे. पहिला रोजा हाच सोडण्याचा दिवस ठरवा. गम इफ्तारनंतरच वापरायचा. पट्टीने रोजा राहतो की नाही हे आपल्या मुफ्तींना आधीच विचारून ठेवा. मगरिब ते तरावीह हा सर्वात धोक्याचा वेळ, तेव्हा सोडणाऱ्यांना ठेल्यापासून दूर एकत्र बसवा. प्रत्येकाला एक जोडीदार द्या, ज्याने रोज फोन करायचा. बायकांसाठी ही व्यवस्था बायकांनीच चालवावी.

आणि ईदला थांबू नका. ईदच्या दिवशी, नव्या कपड्यांत, जुन्या मित्रांत, "आज तर चालतं" असे म्हणत बहुतेक जण परततात. म्हणून फोन ईदनंतर तीन महिने चालू ठेवा. सहा महिन्यांनी मोजा: किती जणांनी नाव दिले, किती टिकले, किती परतले आणि का. वीसपैकी तीन टिकले तरी आकडा मस्जिदीच्या फळ्यावर लिहा, नावे नको. जे परतले त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा.

आणि तोवर एक काम आजच करता येते. तो १८००-११-२३५६ नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि ठेलेवाल्या भाईजानना विचारून त्यांच्या ठेल्यावर लावा. पन्नीवर नाही, तर निदान ठेल्यावर तरी तो दिसू द्या.